एक घर डावीकडे सरकलेला ढीग

परवा नातीने संगणकावर आकड्यांचा लांबलचक रकाना उघडला, एक कळ दाबली आणि पडद्यावर ठिपके पडले. एका आकड्याला एक ठिपका. तोच आकडा पुन्हा आला की ठिपक्यावर ठिपका. पापणी लवायच्या आत तिच्या कॉलेजातल्या मुलामुलींच्या उंच्यांचा ढीग तयार झाला, मध्ये उंच आणि कडांना विरळ. तिला त्यात काडीचं नवल नव्हतं. "आजी, सॉफ्टवेअर करतं हे, मी काही केलं नाहीये," असं म्हणून ती चहा टाकायला उठली. मी मात्र तिथंच बसून राहिले. असा ढीग मी पहिल्यांदा पाहिला तो टाकाने, शाईत बुडवून, एकेक ठिपका देत काढलेला होता. त्याला आठ दिवस लागले होते, आणि ते आठही दिवस एक माणूस माझ्यामुळे घरी बसला होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी गिरगावातली, इंटर सायन्स झालेली, स्थळं बघायला येतात आणि पोहे खाऊन जातात याला विटलेली. लालबागच्या एका गिरणीत टेस्टिंगच्या खोलीत मोजणीसाठी मुलगी हवी होती. तोवर त्या खोलीत मुली घेत नसत. घरात थोडी रडारड झाली, मी थोडा आरडाओरडा केला आणि ट्रामने लालबागला जायला लागले. माझा आवाज तेव्हाही मोठाच होता.

काम सांगायला सोपं होतं. साच्यावरून, म्हणजे मागावरून, निघालेल्या मांजरपाटाचा तुकडा यायचा. त्यावर पितळेचं घडीचं भिंग ठेवायचं. भिंगाच्या पायाशी बरोबर एक इंचाची चौकोनी खिडकी असायची. त्या खिडकीत दिसणारे आडवे धागे सुईच्या टोकाने एकेक करून मोजायचे. बावन्न भरायला हवेत. एका तुकड्यावर पाच ठिकाणी मोजायचं आणि त्या त्या साच्याच्या पानावर पाच आकडे लिहायचे. प्रत्येक साच्याला वहीत वेगळं पान होतं.

खोलीत मोजणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि मालवणकडचे एक वयस्क मामा. साच्यांच्या चार रांगा होत्या. पहिल्या दोन मामांच्या आणि पुढच्या दोन माझ्या. मामांचा एक तुकडा होईपर्यंत माझे दोन व्हायचे, आणि हे मी त्यांना रोज ऐकवायची. ते भिंगावरून डोकं न उचलता म्हणायचे, "बाय गो, इतक्या बेगीन मोजून काय करतलंस? धागो काय पळान जाता?" मला वाटायचं, म्हाताऱ्याचे डोळे गेलेत, म्हणून हा असा बोलतोय.

आता त्या माणसाबद्दल. माझ्या वाटणीच्या तिसऱ्या रांगेत एक साचेवाले होते, तिशीचे, नायगावच्या चाळीत राहणारे. त्यांच्या चाळीतल्या घरांनी नुकताच धम्म स्वीकारला होता. गिरण्यांतून त्यांचे लोक ढीगभर होते, पण बहुतेक त्रासनखात्यात, सूत काततात तिकडे. विणकामाच्या साळखात्यात त्यांना शिरकाव नसायचा. धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीच्या धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायची रीत होती, आणि आमच्या लोकांना त्यांचं तोंड लागलेला धोटा चालत नव्हता. हे मी इतक्या सरळपणे आज लिहिते आहे. तेव्हा कुणी असं बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक असायचं. हे साचेवाले गैरहजर माणसाच्या जागी बदली म्हणून आले आणि हातात सफाई होती म्हणून टिकले. त्या रांगेत त्यांच्या समाजाचे ते एकटेच. ते निभावले तर त्यांच्यामागून आणखी दोघेतिघे यायचे होते.

मी पडले सुधारक घरातली. चळवळीच्या सभांना जायची, घसा बसेपर्यंत 'झालाच पाहिजे' ओरडायची. सभेत बाजूला कोण उभं आहे हे कधी विचारलं नाही, आणि या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

एके दिवशी घडीखात्याचा कारकून तुकडे घेऊन आला आणि जाता जाता म्हणाला, "बाई, तिसऱ्या रांगेत तो नवीन आहे ना, त्याच्या कापडावर जरा नजर ठेवा." का, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी नजर ठेवली. त्यांच्या पानावर एक्कावन्न, एक्कावन्न, पन्नास, बावन्न, एक्कावन्न असे आकडे येत होते. एखादा धागा कमीजास्त चालतो, पण सारखा एक कमी म्हणजे साच्याचं चाक बदललं असणार. साच्याला एक दात्यांचं चाक असतं आणि इंचात किती धागे बसायचे ते त्यावर ठरतं. चाक बदललं की धागे विरळ बसतात, कापड भराभर उतरतं, आणि मजुरी वारावर असल्यामुळे साचेवाल्याचा फायदा होतो. तपासायला कुणी येण्याआधी जुनं चाक परत चढवायचं, ही लबाडी सगळ्या गिरण्यांना माहीत होती. मी त्यांच्या आकड्यांखाली लाल शाईने रेघ ओढली आणि पान वर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, आणि चौकशीत दोष ठरला तर कायमचंच.

ते संध्याकाळी आमच्या खोलीच्या खिडकीशी आले. आत यायला परवानगी नव्हती. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. "बाई, चाक तेच आहे. आलो त्या दिवशी खात्याच्या मुकादमाने, जॉबरने बसवलं ते. हात नाही लावला मी. माझ्यासमोर एकदा मोजाल का?"

मला राग आला. माझ्या मोजण्यावर शंका! मी त्यांच्याच कापडाचा तुकडा काढला, भिंग ठेवलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मोजले. नेहमीसारखे ओठांतल्या ओठांत. "एक्कावन्न," मी म्हटलं. "आणखी एकदा मोजू?" त्यांनी मान हलवली. "नको बाई. तुम्ही शिकलेल्या आहात." ते गेले. मी मामांकडे विजयी मुद्रेने बघितलं. ती मुद्रा आठवली की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच आठवड्यात कलकत्त्याहून एक बाबू आले. गिरणीने त्यांना काही महिन्यांसाठी बोलावलं होतं, मोजमापाची नवी पद्धत बसवायला. सडपातळ, जाड चष्मा, धोतरावर कोट. आम्ही आजवर पाच आकड्यांची सरासरी काढून तेवढीच वर द्यायचो. बाबूंनी सरासरीच्या रकान्यावर हात ठेवला. म्हणाले, "इसको ढक दो। पहले एक-एक बिंदु रखो, बाद में बात करो।" मग त्यांनी आलेखाचा मोठा कागद टेबलावर पसरला, खाली आडव्या रेघेवर सत्तेचाळीसपासून सत्तावन्नपर्यंत आकडे लिहिले आणि टाक माझ्या हातात दिला. गेल्या महिन्याच्या चारही रांगांच्या पानांवरचा प्रत्येक आकडा घ्यायचा आणि त्याच्या डोक्यावर एक ठिपका द्यायचा. कुणाचा साचा, कोण साचेवाला, कुणी मोजलं, काही लिहायचं नाही. फक्त ठिपका.

मला हसू आलं. लहानपणापासून ठिपक्यांची रांगोळी घालत आलेल्या मुलीला हे काय शिकवणार! पहिल्या दिवशी मी कंटाळले. बावन्नवर चार, त्रेपन्नवर दोन, एकोणपन्नासवर एक, कागदावर माशा बसल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पाठ दुखायला लागली. मामा पान वाचायचे, मी ठिपका द्यायची. तिसऱ्या दिवशी मी टाक खाली ठेवून जरा मागे सरले आणि माझ्या अंगावर काटा आला.

कागदावर ढीग उभा राहिला होता.

हे मला आजही नीट सांगता येत नाही. रांगोळीचे ठिपके कुठे द्यायचे ते मी ठरवते, म्हणून त्यातून कमळ निघतं. इथं मी काहीच ठरवलं नव्हतं. कितीतरी साचे, त्यांवरची माणसं वेगवेगळी, कुणी गुहागरचा, कुणी साताऱ्याचा, कुणी रात्री भांडून आलेला, कुणाचं पोर आजारी. एक साचा नवा तर एक खडखड करणारा. एका दिवशी हवा दमट, दुसऱ्या दिवशी कोरडी. या सगळ्यांनी एकमेकांना न विचारता घातलेले धागे, आणि त्यांचे ठिपके मधल्या घरांवर दाटीने चढत होते, बाजूला हळूहळू उतरत होते आणि टोकाशी एकदोनच उरत होते. कुणी सांगितलं होतं त्यांना असं बसायला? मी मामांना विचारलं. ते टेबलाजवळ आले, बराच वेळ बघत राहिले, आणि कागदाला हात लावण्याआधी त्यांनी तो धोतराला पुसला. "देवाचा काम असा ह्या," एवढंच बोलले. मी देवबिव फारसं मानत नव्हते, पण तेव्हा वाद घातला नाही.

त्यानंतर मला घाईच सुटली. दुपारचा डबा खायची शुद्ध नसायची. मोर्चा गिरणीच्या फाटकावरून घोषणा देत गेला तरी मी खिडकीशी गेले नाही. मला ढीग पुरा झालेला बघायचा होता.

सहाव्या दिवशी तो पुरा झाला आणि बाबूंनी कपाळाला आठ्या घातल्या. मला तर तो सुंदर दिसत होता. त्यांनी पेन्सिलीने ढिगाचा माथा दाखवला. एक्कावन्न आणि बावन्न, दोन्ही घरं जवळजवळ सारखीच उंच होती. माथा चपटा होता. "एक पहाड़ के दो सिर क्यों?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असेल तसा. ते म्हणाले, "दो आदमी गिनता है न? अलग करो।"

मग पुन्हा दोन दिवस. मामांनी मोजलेले आकडे एका कागदावर, माझे दुसऱ्या कागदावर. मामांचा ढीग उभा राहिला तो बावन्नवर माथा धरून. माझा उभा राहिला एक्कावन्नवर. मला वाटलं, झालं, आता मामांचं बिंग फुटणार. मी त्यांना चिडवलंही. "मामा, चष्मा बदला आता. एक धागा दोनदा मोजताय."

बाबूंनी माझा कागद मामांच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही मिळून खिडकीच्या काचेला टेकवले. मागून ऊन येत होतं. दोन ढीग एकमेकांत धूसर दिसत होते. मग त्यांनी माझा कागद हळूच उजवीकडे सरकवला, एकच घर. ठिपक्यांवर ठिपके बसत गेले. इकडच्या तिकडच्या चारदोन ठिपक्यांचा फरक सोडला तर उतार तोच, माथा तोच, कडाही त्याच. मी आणि मामा वेगवेगळ्या रांगा, वेगवेगळे साचे, वेगवेगळे तुकडे मोजत होतो, तरी कुणीतरी अख्खा ढीग उचलून एक घर डावीकडे ठेवावा तसं झालं होतं. त्या कागदावर कुणाचं नाव नव्हतं आणि तरी त्याने आमच्यातल्या एकाला बरोबर ओळखलं होतं. त्यातला कोण, ते मला अजून कळलं नव्हतं.

बाबूंनी मी मोजलेल्या एका तुकड्यावर एक इंचाच्या खुणा करून घेतल्या आणि मला आडवे धागे एकेक करून उसवायला सांगितलं. उसवलेला प्रत्येक धागा काळ्या पुठ्ठ्यावर ओळीने ठेवायचा. आम्ही तिघांनी ते धागे बोटाने मोजले. बावन्न. त्याच तुकड्यावर माझा आकडा होता एक्कावन्न.

"अब बोलके गिनो," बाबू म्हणाले. मोठ्याने. मी भिंग ठेवलं, सुई पहिल्या धाग्यावर टेकवली आणि मोजायला लागले. "लाभ. एक. दोन. तीन..."

मामांनी माझं मनगट धरलं. "थांब गो थांब. लाभ म्हणजेच एक! तू परत एक खंयसून आणलंस?"

माझे वडील मापारी होते. भाताच्या वखारीत मापाने भात मोजून द्यायचे. कोकणात पहिलं माप टाकताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि दुसऱ्याला दोन. आमच्या घरात मात्र पहिलं माप देवाचं. ते बाजूला काढायचं, ते मोजायचंच नाही. म्हणून वडील घरी तांदूळ मोजताना लाभ म्हणून पहिलं माप देवाच्या डब्यात ओतायचे आणि मग एकपासून सुरुवात करायचे. मी त्यांच्या मांडीशी बसून मोजायला शिकले ती अशी. शाळेत पाटीवर कधी चूक झाली नाही. पण हात चालायला लागला, ओठ पुटपुटायला लागले की आतून वडीलच मोजत असणार. प्रत्येक इंचातला पहिला धागा मी देवाला देत आले होते.

मामा हसायला लागले. "अगो, तुझ्या बापाशीन नवीन गणित काढल्यान!" बाबूंना समजावून सांगितलं तेव्हा तेही हसले. मीही हसले, क्षणभर. मग मला खिडकीशी टोपी हातात धरून उभा असलेला माणूस आठवला आणि हसू जागीच थिजलं. ते म्हणाले होते, माझ्यासमोर मोजा. मी त्यांच्यासमोर त्यांचा एक धागा खाल्ला होता.

मी मॅनेजरच्या खोलीत गेले. बाबू बरोबर येतो म्हणाले, मी नको म्हटलं. दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि चूक माझी आहे हे सांगितलं. मॅनेजर म्हणाले, ठीक आहे, त्याला ताकीद देऊन घेऊ परत. मी म्हटलं, ताकीद कसली? ताकीद मला द्या. माझा आवाज चढला, बाहेरचे कारकून दाराशी जमले. शेवटी ताकीद मला मिळाली, लेखी. त्यांना निरोप गेला.

तिसऱ्या दिवशी ते पहिल्या पाळीला आले. आधी आमच्या खोलीत आले, या वेळी आत. मामांनी त्यांच्यासाठी स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत. मी हात जोडले आणि जे झालं ते सगळं सांगितलं, देवाच्या मापासकट. त्यांना हसू येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "तो कागद बघू का?"

मी माझा कागद पसरला. ते वाकून बघत राहिले. मी बघितलं होतं तसंच, ठिपक्यांवर डोळे खिळवून. एकदा बोट वर नेलं, ढिगाच्या उतारावरून कागदाला न टेकवता फिरवलं. "सुंदर आहे," ते म्हणाले. मग विचारलं, "यात माझे कोणते?"

ज्या क्रमाने ठिपके दिले होते त्याच क्रमाने वही चाळत मी ते शोधून दाखवले. हे, हे, आणि हे तीन. बहुतेक एक्कावन्नच्या घरात होते, बाकीच्यांच्या गर्दीत मिसळलेले.

"आणि हे बाकीचे?"

"तुमच्या रांगेतले. आणि चौथ्या रांगेतले."

"म्हणजे त्यांचेही एक्कावन्नच येत होते."

"हो."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

ते सरळ उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता. "मग बाई, लाल रेघ माझ्याच आकड्याखाली कशी आली?"

मामांनी भिंगात डोकं घातलं. मी कागदाकडे बघत राहिले. उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होतं. शेजारच्या साच्याचं पान मी रोज लिहीत होते. एक्कावन्न, एक्कावन्न, पन्नास. त्या पानावर मला वाटायचं, होतं असं एखाद वेळी, सूत ओलं असेल. कारकुनाने एका माणसाकडे बोट दाखवलं आणि मला ते खरं वाटलं, कारण तो माणूस कोण ते मला माहीत होतं. वडिलांनी मोजायला चुकीचं शिकवलं, पण रेघ ओढायला कुणी शिकवलं नव्हतं.

भोंगा झाला. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "सुचलं की सांगा बाई," ते म्हणाले. "मी इथंच आहे, तिसऱ्या रांगेत."

मी त्या गिरणीत पुढे एकोणीस वर्षं काढली. ते खरोखरच तिथं होते, तिसऱ्या रांगेत, आणि भेटले की आधी नमस्कार करायचे. मी कधीच सांगितलं नाही.